नकाशातली जागा आणि दारातली साखळी : झोटवाड्यातील व्यापारी वाहनतळ दिव्यांगांना खुले कधी होणार?

जयपूर : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने 'सार्वजनिक इमारत' या शब्दाची व्याख्या फार व्यापक केली आहे. जनतेचा वावर असलेली इमारत सरकारी असो वा खासगी, ती या व्याख्येत मोडते. आणि व्यापारी कामकाज व कामाची जागा यांचा उल्लेख तर कायद्याने नावानिशी केला आहे. या एका व्याख्येमुळे जयपूरच्या वायव्येकडील झोटवाड्यासारख्या उपनगरात कापडाचे दालन, खासगी रुग्णालय, बँकेची शाखा, कारखान्याचे कार्यालय आणि विवाहस्थळाचे आवार हे सारे एकाच कर्तव्याच्या कक्षेत येतात. दिव्यांग व्यक्तीला तेथे येता आले पाहिजे, आणि येण्याची सुरुवात वाहन उभे करण्यापासून होते.

कायद्याचा हा अर्थ वादग्रस्त नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. कायदा दिल्लीत, इमारतीचे विनियम जयपूरमध्ये आणि प्रत्यक्ष जागा एखाद्या रखवालदाराच्या हाती, अशी ही साखळी आहे, आणि तिच्या प्रत्येक कडीवर कर्तव्याचा भार थोडा थोडा हलका होत जातो. व्यापारी वाहनतळ हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण ठरावे.

झोटवाडा हे जुन्या जयपूरच्या तटबंदीबाहेर वाढलेले, दाट वस्तीचे उपनगर. येथे जुने औद्योगिक क्षेत्र आहे आणि कालवाड रस्ता, कांटा चौराहा, निवारू रस्ता अशा वर्दळीच्या पेठाही आहेत. म्हणजे वाहनतळाचा प्रश्न येथे दुहेरी आहे : एक ग्राहकाचा, दुसरा कामगाराचा. राज्याचे उद्योगमंत्री म्हणून सूत्रे स्वीकारलेले राज्यवर्धन सिंह राठोड २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत याच मतदारसंघातून निवडून आले. उन्नत मार्गाच्या रेंगाळलेल्या कामाने गेली काही वर्षे या भागाची ये-जा विस्कळीत केली. रस्ता रुंद करण्यासाठी जयपूर विकास प्राधिकरणाला दुकानांच्या रांगा हटवाव्या लागल्या. अशा ठिकाणी दुकानापुढच्या प्रत्येक फुटाला मोल येते, आणि मोल आलेल्या जागेतून सर्वांत आधी काय कमी होते, हे सांगण्यासाठी नगररचनाकाराची गरज नाही.

नियम काय सांगतो ते आधी पाहू. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींत दिव्यांगांच्या वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. प्रवेशद्वाराजवळ, जमिनीच्या पातळीवर, दोन मोटारींची जागा राखावी. तेथून इमारतीच्या दारापर्यंतचे अंतर ३० मीटरपेक्षा अधिक नसावे. प्रत्येक जागेची रुंदी किमान ३.६ मीटर असावी. जागा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी राखीव आहे ही सूचना ठळकपणे लावावी. आणि दृष्टिहीन व्यक्तींना वाट दाखवणारी फरशी किंवा आवाजाचा संकेत देणारी योजना असावी. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही अडथळामुक्त प्रवेशाची तरतूद आहे. तेव्हा हा विषय झोटवाड्याइतकाच पिंपरीच्या, नाशिकच्या किंवा नागपूरच्या बाजारपेठेचाही आहे.

या तरतुदीतला प्रत्येक आकडा शरीराच्या हालचालीवरून आला आहे. मोटारीची नेहमीची जागा २.५ मीटर रुंदीची असते. शेजारी गाडी उभी असताना दार अर्धेमुर्धे उघडून धडधाकट माणूस अंग चोरून बाहेर पडतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तसे करता येत नाही. त्याला दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची दाराला समांतर लावावी लागते आणि हातांच्या जोरावर आसनावरून खुर्चीत सरकावे लागते. त्यासाठी लागणारी पट्टी साधारण १.२ मीटरची. ती नसेल, तर वाहनतळात जागा मिळूनही माणूस गाडीतच बसून राहतो. किंवा त्याहून वाईट : परत येतो तेव्हा दाराला खेटून दुसऱ्याची गाडी उभी असते आणि स्वतःच्या गाडीत शिरण्यासाठी त्या गाडीच्या मालकाची वाट पाहावी लागते.

तीस मीटरचे अंतरही असेच. जयपूर हे कृत्रिम पायाचे शहर आहे. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास घडवलेला 'जयपूर फूट' पुढे भगवान महावीर विकलांग सहायता समितीने १९७५ पासून देशोदेशी पोहोचवला. उकिडवे बसणे, मांडी घालणे, अनवाणी चालणे या आपल्याकडच्या सवयी डोळ्यांपुढे ठेवून तो पाय बनवला गेला. पण तो बसवलेल्या माणसालाही पाव किलोमीटर वाहनांच्या गर्दीतून चालणे आणि दारापाशी उतरणे यांतला फरक कळतो. ज्या शहराने जगाला पाय दिला, त्या शहराच्या पेठांत पायाखालच्या शेवटच्या तीस मीटरांचा हिशेब कोणी ठेवू नये, ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

'जमिनीच्या पातळीवर' हे शब्दही वाया गेलेले नाहीत. शहरांतील नव्या व्यापारी संकुलांचा वाहनतळ तळघरात जातो, किंवा यांत्रिक पाळण्यात. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १ : १२ धरले जाते, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. गाड्यांसाठी केलेला तळघराचा उतार सहसा याहून तीव्र असतो, आणि तेथील उद्वाहन बंद असले तर वर येण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. यांत्रिक वाहनतळात, किंवा जेथे गाडीची किल्ली सेवकाच्या हाती द्यायची पद्धत आहे तेथे, अडचण आणखी वेगळी. हाताने चालवायच्या ब्रेक-ॲक्सिलरेटरची गाडी सवय नसलेल्या सेवकाने हलवणे धोक्याचे, म्हणून असा चालक दारातूनच परत फिरवला जातो.

येथपर्यंतचा विचार मोटारीचा झाला, आणि नियमांची अपुरी बाजू येथेच उघडी पडते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. राजस्थानात १५ लाख ६४ हजार, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. देशात चलनवलनाचे दिव्यांगत्व असलेल्यांची संख्या ५४ लाखांहून अधिक होती. त्यांपैकी जे स्वतः वाहन चालवतात, त्यांच्यासाठी परवडणारे वाहन म्हणजे मागे दोन जोडचाके लावलेली स्कूटर. राजस्थान सरकारची दिव्यांगांना स्कूटर देणारी योजनाही हेच ओळखते. शिकणाऱ्या आणि रोजगारासाठी बाहेर पडणाऱ्या तरुणांना गाडी सरकार देते. ती गाडी बाजारात आणून उभी कोठे करायची, याची काळजी मात्र दुसऱ्याच खात्याकडे असते, किंवा कोणाकडेच नसते.

महाराष्ट्राच्या नियमावलीत दुचाकीसाठी १ मीटर बाय २ मीटर इतकी जागा धरली आहे. दुकानांपुढच्या पांढऱ्या पट्ट्यांत प्रत्यक्षात तेवढीही मिळत नाही. रखवालदार गाड्या हँडलला हँडल लावून कोंबतो. जोडचाकांची स्कूटर त्या पट्ट्यात मावत नाही, बाजूच्या स्टँडवर कलती उभी राहत नाही आणि ढकलून सरकवता येत नाही. तिच्याजवळ उतरून कुबड्या हाती घ्यायला आणखी हातभर मोकळी जागा लागते. मोटारीच्या रांगेत नेली, तर तेथला रखवालदार दुचाकीच्या रांगेकडे बोट दाखवतो. दोन मोटारींची जागा राखणारा नियम काटेकोरपणे पाळला, तरी हा चालक त्या नियमाबाहेरच राहण्याचा संभव आहे. राखीव जागेवर जोडचाकांच्या स्कूटरलाही तितकाच हक्क आहे, असे फलकावर स्पष्ट लिहिले तर अर्धा वाद मिटेल. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने 'अनुकूलित वाहन' ही संज्ञा आणून मुळातच दिव्यांगांसाठी बनवलेले आणि नंतर फेरफार केलेले अशी दोन्ही वाहने एका व्याख्येत घेतली आहेत. इमारतीच्या नियमांनी ती संज्ञा उचलण्यास काही हरकत नसावी.

हक्क कोणाचा, हे ओळखायचे कसे, हा रखवालदाराचा प्रश्नही रास्त आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या कायद्यानंतर दिव्यांगांच्या गाडीला बिल्ला देण्याची पद्धत आली. आज तो निळा बिल्ला काचेमागे दिसतो आणि वाद संपतो. शिवाय तो माणसाच्या नावाने दिला जातो, त्यामुळे मुलाच्या गाडीतून आलेल्या दिव्यांग आईलाही चालतो. आपल्याकडे दिव्यांगत्वाचे विशिष्ट ओळखपत्र आहे, पण ते खिशात असते. वाहनाच्या नोंदणीत मालकीचा 'दिव्यांगजन' असा वेगळा प्रकार नोंदवण्याची सोय केंद्राने २०२० मध्ये केली. ती कागदावर राहते, गाडीवरून कळत नाही. आणि नातलगाच्या गाडीत बसून आलेल्या माणसाला तिचा उपयोगही नाही. परिणामी गाडी चालवणारा दिसायला धडधाकट आहे एवढ्यावरून जागा नाकारली जाते, आणि ज्याचा हक्क नाही असा मोटारमालक आवाज चढवून तीच जागा घेतो.

आता अंमलबजावणी. अधिनियमाचे कलम ४४ अत्यंत कडक शब्दांत आहे : सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला बांधकामाची परवानगी देऊ नये, आणि नियम न पाळता उभ्या राहिलेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये किंवा तिचा ताबा घेऊ देऊ नये. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची, तर कलम ४६ ने खासगी सेवा पुरवठादारांना दोन वर्षांची मुदत दिली. केंद्राचे नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले, तेव्हापासून मोजल्यास या मुदती अनुक्रमे जून २०२२ आणि जून २०१९ मध्ये संपल्या. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत, तर पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

एवढे सारे असून वाहनतळ बदलले नाहीत, याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात दाखवून दिले. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याने २००५ मध्ये केलेल्या जनहित याचिकेचा हा पुढचा अध्याय होता. याच याचिकेत न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सरकारी इमारती, रेल्वे, विमानतळ यांच्या सुगम्यतेसाठी कालबद्ध निर्देश दिले होते. ते कितपत पाळले गेले हे पाहण्याचे काम पुढे हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील दिव्यांगत्व अभ्यास केंद्राकडे सोपवले गेले. त्या अहवालाच्या आधारे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने २०१७ च्या नियमांतील नियम १५ (१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. संसदेने बंधनकारक मानके मागितली होती; नियमाने बोट दाखवले ते मार्गदर्शक सूचनांकडे. 'करावे' आणि 'केल्यास बरे' यांतील अंतर न्यायालयाने नेमके हेरले. किमान, तडजोड न करता येण्याजोगी मानके वेगळी काढून तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा, असा आदेश केंद्राला दिला गेला. आणि ते झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला रोखणे, दंड आकारणे ही कायद्यातील हत्यारे वापरली जावीत, असेही सांगितले गेले.

व्यापाऱ्यांच्या संघटनांनी हा निकाल 'नियमच रद्द झाला, आता बंधन नाही' असा वाचू नये. मूळ अधिनियम जागच्या जागी आहे आणि स्थानिक इमारत विनियमांतील तरतुदींना या निकालाने हात लावलेला नाही. निकालाचा रोख सैलपणा संपवण्याकडे आहे.

तरीही बंधनकारक नियमांनी सारे सुटेल असे मानणे भाबडेपणाचे होईल, कारण वाहनतळ हा इमारतीचा असा भाग आहे जो दाखला मिळाल्यानंतरही बदलता येतो. जिना पाडता येत नाही. राखीव जागेवर मात्र जनरेटर ठेवता येतो, कुंड्या मांडता येतात, सणासुदीला मंडप घालून विक्री करता येते, मालकाची गाडी उभी करता येते. नकाशात निळ्या शाईने दाखवलेली जागा दारात साखळी लावून बंद असते आणि साखळीची किल्ली व्यवस्थापकाकडे. जमिनीवरचे चाकाच्या खुर्चीचे चिन्ह वर्षभरात टायरखाली पुसून जाते. नकाशा तपासणारा अधिकारी पुन्हा त्या इमारतीकडे फिरकत नाही, कारण त्याचे काम दाखल्याबरोबर संपलेले असते. शिवाय जयपूरमध्ये विकास प्राधिकरण, महापालिका आणि औद्योगिक वसाहतींपुरती राज्याची 'रिको' संस्था अशी परवानगी देणारी दारे वेगवेगळी आहेत. तक्रारदाराने कोणते ठोठवावे, याचाच खुलासा आधी व्हावा लागतो.

त्यामुळे एकदाच दिल्या जाणाऱ्या दाखल्यापेक्षा ठरावीक काळाने घ्याव्या लागणाऱ्या परवान्यांचा धागा अधिक उपयोगी वाटतो. विवाहस्थळांना महापालिकेकडे नोंदणी करावी लागते, उपाहारगृहांना अन्नपरवान्याचे नूतनीकरण करावे लागते, अग्निसुरक्षेचा दाखला मुदतीनंतर पुन्हा घ्यावा लागतो. अशा प्रत्येक वेळी राखीव जागेचे ताजे छायाचित्र मागितले, तर पुसलेले चिन्ह पुन्हा रंगवले जाईल. विवाहस्थळांपासून सुरुवात करणे विशेष योग्य : लग्नाला आजी-आजोबा येतातच, आणि ऐन मुहूर्ताच्या गर्दीत त्यांची गाडी दारापासून लांब अडते हे यजमानालाही नको असते.

औद्योगिक क्षेत्राचा मार्ग आणखी सरळ आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे आणि त्यात अडथळामुक्त सुविधांचा तपशील द्यावा, असे २०१७ च्या नियमांत म्हटले आहे. हा नियम न्यायालयाने रद्द केलेला नाही. झोटवाड्यातील मध्यम कारखान्यांपैकी बहुतेक या मर्यादेत यावेत. फाटकापासून कामाच्या जागेपर्यंतची वाट आणि कर्मचाऱ्याच्या स्कूटरची जागा त्या धोरणात लिहिली गेली, की ती मेहेरबानी राहत नाही. सेवाशर्तीचा भाग होते.

जागा जाते, हा व्यापाऱ्यांचा आक्षेप मोजून पाहण्यासारखा आहे. प्रत्येकी ३.६ मीटरच्या दोन राखीव जागांना ७.२ मीटर रुंदी लागते. नेहमीच्या तीन गाड्या ७.५ मीटर घेतात. म्हणजे दोन राखीव जागांसाठी दुकानदार गमावतो ती फार तर एका गाडीची जागा. अमेरिकेच्या मानकांत दोन राखीव जागांना मधली उतरण्याची पट्टी सामाईक ठेवण्याची मुभा आहे. तसे केले तर नुकसान त्याहूनही कमी. उरला खर्च रंगाचा, फलकाचा आणि पदपथाची कड तासून केलेल्या छोट्या उताराचा. अर्थात, पन्नास वर्षांपूर्वीच्या दहा फुटी दुकानापुढे एकही मोटार मावत नाही, तेथे हे गणित लागू पडत नाही हे मान्य करायला हवे. अशा पेठेत प्रत्येक दुकानदाराकडे बोट दाखवण्यापेक्षा महापालिकेने रस्त्याच्या ठरावीक अंतरावर सामाईक राखीव जागा आखणे हाच व्यवहार्य उपाय दिसतो. उन्नत मार्गाखालची आणि रुंदीकरणानंतरची मोकळी जागा नव्याने आखली जाईल तेव्हा ती संधी झोटवाड्यात आहे.

मात्र आखताना मुंबईचा अनुभव ध्यानात ठेवावा लागेल. पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून तेथे ठिकठिकाणी खांब रोवले गेले. ते इतके जवळजवळ की चाकाची खुर्चीही आत जाईना. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. राखीव जागा उत्तम, उतारही योग्य, पण त्यापुढच्या पदपथाच्या तोंडाशी खांब : एवढ्याने सारी साखळी तुटते.

कायद्याने तक्रारीची वाटही ठेवली आहे. राजस्थानात हे पद 'विशेष योग्यजन आयुक्त' या नावाने ओळखले जाते, महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. राज्य आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली, तर त्या प्राधिकरणाने कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवायचे असते. शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणे द्यायची असतात. साखळी लावलेल्या राखीव जागेचे छायाचित्र, इमारतीचे नाव आणि दिनांक एवढ्यावर असा अर्ज करता येतो, आणि तो करण्यासाठी स्वतःची मोटार असावी लागत नाही.